अमेरिकेची बियर आणि तुमची जीभ

आबा, काल संध्याकाळी मी बियर प्यायले. तुमची मुलगी, पंचेचाळिशीला आलेली, मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. रागवायचं असेल तर रागवा, पण आधी ऐकून घ्या. धाकटा अमेरिकेहून आलाय. तुम्ही गेलात तेव्हा चड्डी सावरत शाळेला जायचा, आता त्याचेच केस विरळ व्हायला लागलेत. त्यानं टॉवेलात गुंडाळून एक बाटली आणली होती. तिकडे म्हणे काही हौशी लोक छोट्या छोट्या भट्ट्या घालून अशी कडक बियर करतात, नेहमीच्या बियरपेक्षा दुप्पट कडू. ''अक्का, आबांची जीभ तुला मिळालीय. पिऊ नकोस हवं तर, पण चव सांग,'' म्हणाला.

मग मी रीतसर बसले. कोमट पाण्यानं चूळ भरली, चिमूटभर चुरमुरे चावले, परत चूळ. धाकटा हसायला लागला. त्याला कुठलं आठवायला? गुळाच्या सौद्याला शेटजींबरोबर उभं राहून ढीग न् ढीग चाखणं हे तुमचं काम, आणि दोन ढिगांच्या मध्ये तुम्ही असेच चुरमुरे चावायचात. आख्खं कोल्हापूर तांबड्या रश्श्यात बुडालेलं आणि तुमच्या ताटात मात्र हंगामभर बिनतिखटाची आमटी. पान नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा निववून. आई म्हणायची, ''ह्यांच्या जिभंला सोवळ्यात ठेवलंय.''

बियरचा रंग काकवीचा. वास घेतला तर आधी पपनसाची साल, नखानं नुकती सोललेली. तिच्यामागून ओल्या लाकडाचा वास, राधानगरीकडून येणारा लाकडाचा ट्रक शेजारून गेला की येतो तसा. घोट जिभेवर धरला. पहिल्यांदा गोडी लागली, गुऱ्हाळातल्या कढईच्या काठाला करपून चिकटलेल्या पाकाची. गोड आहे म्हणेपर्यंत कडू आलं. काडेचिराइताचं कडू जिभेला झोंबतं आणि जातं. हे मागं पडजिभेपाशी जाऊन बसलं आणि हलायला तयार नाही. तुम्ही म्हणायचात, ''पयल्यांदा काय लागतंय ते कुनीबी सांगंल. मागनं काय ऱ्हातंय ते सांग.'' मागं कडूच राहिलं, आबा. आणि थुंकायचं विसरून मी ते गिळलं. छातीत ऊब उतरली आणि डोळ्यांत पाणी आलं. धाकट्याला वाटलं, बियर कडक आहे.

तुमची जीभ विषमज्वरात गेली. ताप उतरला, अंगावर मांस आलं, चव तेवढी परत आली नाही. मीठ विसरलेली आमटी तुम्ही मुकाट्यानं जेवलात तेव्हा आईला कळलं, आणि तिनं मला सांगितलं. बाहेर कुणाला नाही. मग सौद्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही वखारीत जाऊन प्रत्येक ढिगातला एकेक खडा कागदाच्या पुडीत बांधून आणायचात, पुड्यांवर खुणा करून. मी चुलीशी बसून चाखायची. ''धुरकट.'' ''दाणेदार, चांगला.'' ''हा खारट आहे.'' खारपड जमिनीतल्या उसाचा गूळ पावसाळ्यात पाघळतो, म्हणून खारटावर तुमचं भारी लक्ष. तुम्ही सगळं पाठ करायचात आणि सकाळी चारचौघांत खडा तोंडात टाकून, डोळे मिटून, माझे शब्द बोलायचात. मला तेव्हा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मग मी बी.ए. झाले आणि गडहिंग्लजच्या शाळेत नोकरी लागली. राहायची सोयही होती. पत्र घेऊन नाचत घरात आले तर तुम्ही खाली बघत बसलात. ''तू गेलीस तर मी सौद्यात हुबा कसा ऱ्हाऊ? एवढा एक हंगाम काढ की.''

''आणि पुढच्या हंगामाला?''

त्या संध्याकाळी तुम्ही पाच पुड्या पुढ्यात ठेवल्यात. मी इतकी चिडले होते की तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या पुडीतला खडा जिभेवर ठेवला आणि म्हणाले, ''गोड. दाणेदार. सगळ्यांत चांगला हाच.''

दुसऱ्या दिवशी तुम्ही भर सौद्यात त्या ढिगावर हात ठेवून तो वाखाणलात. शेजारच्या एका व्यापाऱ्यानं तुकडा तोंडात टाकला, थू करून थुंकला आणि सगळे हसले. हे मला शेजाऱ्यांकडून कळलं. तुम्ही दुपारी घरी आलात, टोपी खुंटीला अडकवलीत आणि आईला एवढंच म्हणालात, ''शेटजीस्नी सांगून आलो. जीभ गेली म्हटलं. आता न्हाय जायाचं.'' मी कणीक मळत होते. माझ्याजवळ येऊन म्हणालात, ''चुकतंय मानूस. तुझा दोष न्हाय. मीच लई भार टाकला तुझ्यावर. जा तू गडहिंग्लजला.'' मी मान वर केली नाही. चार दिवसांनी एस.टी.त बसले आणि हळहळण्याऐवजी मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा गूळ-पाणी तुम्ही आणलंत. आई असताना तुम्ही स्वतः, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात वाटी. ''मी आनलाय बाजारातनं. कसा हाय?'' म्हणालात आणि पूर्वी पुड्या पुढ्यात ठेवून बघायचात तसे माझ्या तोंडाकडे बघत राहिलात. मी म्हणाले, ''गोड आहे, आबा.'' तुम्ही ''बरं'' म्हणालात आणि वाटी आत घेऊन गेलात. होळीच्या आधी तुम्ही गेलात. मला पोचायला उशीर झाला.

बावीस वर्षं मी त्या वाटीचा विचार करतेय. कधी वाटतं, चव नसलेल्या माणसाला दुकानदारानं वाटेल तो गूळ बांधून दिला असेल. कधी वाटतं, तुम्हाला सगळं कळलं होतं, आणि तुम्ही बाजारभर हिंडून, कुणाला तरी चाखायला लावून, मुद्दाम तसलाच गूळ आणला होतात. मला खरं बोलायला एक जागा करून दिली होतीत. तसं असेल तर तीही मी घालवली.

काल धाकट्याला मी बियरचं सगळं सांगितलं, साल, लाकूड, करपलेला पाक, मागे राहिलेलं कडू. त्यानं वहीत लिहून घेतलं, म्हणाला, ''अगदी आबा!'' हे पत्र त्याच्या हाती लागू देणार नाही, तो गेला की बंबात घालीन. तुम्हालाच तेवढं सांगायचं होतं. खारट होता, आबा. दोन्ही वेळा, पुडीतला आणि वाटीतला. जिभेवर ठेवल्या ठेवल्या कळलं होतं.