काळी चार

फिलाडेल्फिया, ऑक्टोबर १९७४

प्रिय थर्मन,

तू माझ्यापासून काहीतरी लपवतोयस, हे मला तुझ्या हसण्यावरून कळलं. अकरा वर्षं तू चाली बांधतोस, मी शब्द लिहिते. एवढ्या काळात माझ्या विनोदाला तू सलग दोनदा कधी हसला नव्हतास.

उन्हाळ्यापासून बघतेय. मी स्टुडिओचं दार ढकललं की तुझा पियानो मध्येच थांबतो. बास वाजवणारा लूशस समोरचा कागद घाईघाईनं प्रेट्झेल बिस्किटांच्या पुडीखाली सरकवतो आणि म्हणतो, "या मिस अर्झेला! तब्येत काय म्हणतेय?" त्या माणसानं स्वतःच्या आईची तब्येत कधी विचारली नसेल.

माझा संशय सरळ डेल्फिनवर गेला. टेलिफोनवर बसणारी बावीस वर्षांची पोर, 'हॅलो'सुद्धा तीन सुरांत म्हणते. गायकांना गाणं शिकवायची नमुन्याची टेप आजवर मीच गात आले. म्हटलं, आता हिला उभी करणार आणि म्हातारीला यमकं जुळवायला घरी बसवणार. तिला विचारलं तर म्हणाली, "मी? अहो, मला चर्चमध्येसुद्धा मागच्या रांगेत ढकलतात!" मी विश्वास ठेवला नाही.

म्हणून सोमवारी तुम्ही जेवायला गेलात तेव्हा तुझ्या पियानोपुढच्या बाकाचं झाकण उघडलं. हो, चोरून. आत तीन वर्षांचे कागद. माझी पट्टी काळी चार. ती प्रत्येक गाण्यावर खोडून पांढरी पाच. यंदा तीही खोडून काळी तीन. दरवेळी अर्धा सूर खाली. कोपऱ्यात तुझं अक्षर : "लूशस, तिच्यापाशी याबद्दल बोलू नकोस."

आणि मी बावळट, बहिणीला फोन करून सांगत होते, "पंचेचाळिशीतही वरचा सूर कसा लागतोय बघ!"

उपकार मानायला हवेत. जमत नाही. आवाजाचं सोड, तो उतरायचाच. पण माझ्या ओळी वाचून तू "वा" म्हणतोस, तेही मला झेपेल तेवढंच असतं का? मागच्या महिन्यातलं दुसरं कडवं माझं मलाच पोचट वाटलं होतं. तू म्हणालास, "झकास, हात लावू नकोस." सोमवारपासून एक ओळ सुचलेली नाही. लिहून दाखवू कुणाला?

तोंडावर विचारलं तर गोड बोलशील, म्हणून हे पत्र. गुरुवारी नवं गाणं काळी चारमध्येच वाजव. सूर फुटला तर फुटू दे, टेप थांबवू नकोस. आणि सोबत ते कडवं परत पाठवतेय. जिथे पोचट असेल तिथे लाल पेन्सिल चालव. कागद कोरा परत आला, तर मी दुसरा चाल बांधणारा शोधीन.

अजून तरी तुझीच,
अर्झेला