साबणाने धुतलेली बशी

सेलू, मंगळवार, दिवेलागण

तेल-पाण्याच्या सीमेवर अडकलेला सूक्ष्म कण आपोआप सुटून पाण्यात उतरतो, असं मी पुण्याला कळवलं होतं. त्यावरच तिथल्या होलोग्राफीच्या, म्हणजे लेसरने कणाचं त्रिमित चित्र टिपणाऱ्या, प्रयोगशाळेने मला बोलावलंय. आज नव्या बशीत कण जागचा हलेना. कॉलेजच्या नळाला पाणी नसलं की काचेच्या बश्या घरी धुवायला आणतो. आधीच्या कशा धुतल्या होत्या, हिला विचारलं.

"साबणानं घासल्या. नुसत्या पाण्यानं तेल निघतंय व्हय?"

म्हणजे कण सुटला तो साबणाच्या अंशामुळे.

"आता काय कळवणार तुमी? बायकोनं घोळ केला म्हणून?"

छे, म्हटलं, तपासायचं काम माझं होतं. पण खरं कळवलं तर बोलावणं राहील? आणि न कळवता गेलो, तर पहिल्याच होलोग्राममध्ये कण अडकलेला दिसेल. केव्हाचा कागद घेऊन बसलोय. 'सप्रेम नमस्कार'च्या पुढे लेखणी सरकत नाही.