उतरलेला खांदा

३ फेब्रुवारी

आज काय खर्ची पडलं ते मांडतो. सहा तास, मोडलेल्या दोन सुया, रीळभर दोरा — आणि पोरीचा अबोला. शेवटचा आकडा सगळ्यांत जड!

पोर कपड्यांचं डिझाइन शिकते. शेवटच्या वर्षाला एकच कपडा करायचा, त्यावरच पास-नापास. विषय तिनेच निवडला — एकटेपणा. एकटेपणाला कोट! माझ्याच दुकानात बसून शिवला. अस्तर वरच्या कापडाहून जड, खिसा शिवून बंद, डावा खांदा दोन बोटं उतरलेला. मला वाटलं, घाईत चुकली. तिच्या माघारी उसवला, खांदा सरळ केला, झकास इस्त्री मारली. शाबासकीची वाट बघत बसलो.

"बाबा, तो खांदाच तर कोट होता!"

बारा तारखेला परीक्षा.

५ फेब्रुवारी

कारागीर म्हणतो, "मालक, एवढं दुःख शिवायचं तर शिलाई जास्त लावा!" हसलो. पण डोकं चालेना.

मी शाळेत काही शिकलो नाही. रस्त्याकडेला एका मशीनवर सुरुवात केली, आज सहा आहेत. पण गिऱ्हाईक दारातून आत येतानाच मी सांगतो, कुठला खांदा उतरलाय. टेप नंतर!

मग या कोटात मला काय दिसलं नाही?

६ फेब्रुवारी

पोरीचं मशीन पलीकडून ऐकतो. चार टाके, थांबलं. पुन्हा चार. असं शिवणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं. पोर आतून एकटी पडली की काय?

हिला विचारलं, "पोरीचं काही बिनसलंय का गं?"

"तिलाच विचारा की." आत जाता जाता, "मला कधीपासून विचारायला लागलात?"

चेष्टा असावी.

८ फेब्रुवारी

खांदा परत उतरवायला बसलो. हात ऐकतच नाही! जन्मभर सरळ शिवलं, मुद्दाम वाकडं शिवायचं कसं? तीनदा उसवलं.

शेवटी पोर बोलली. "बाबा, माझा मापाचा कागद बघून शिवा. तुमचा डोळा बाजूला ठेवा."

ठेवला. जमलं. पुतळ्यावर चढवला तर ध्यान दिसतंय.

धीर करून विचारलं, "तू एकटी आहेस का गं?"

"मी? मला श्वास घ्यायला फुरसत नाही, बाबा!" खरंच हसली.

"मग हे कुणाचं?"

"माप खरं आहे. एका माणसाचं आहे." एवढंच.

कुणाचं? दिवसभर गिऱ्हाइकांचे खांदे बघत बसलो.

१० फेब्रुवारी

पोरीने आईला दुकानात बोलावलं. "आई, जरा घाल बघू."

हिने घातला. पुतळ्यावर वाकडा दिसणारा कोट हिच्या अंगावर चपखल बसला. कुठे चूण नाही, ओढ नाही.

आरशात बघत हिने खिशात हात घालून पाहिला. "उघडत नाही गं हा."

"नाही उघडत, आई."

"बरोबर आहे," ही म्हणाली.

माझ्याकडे दोघींनी बघितलं नाही. मी टेप गळ्यात घालून उभा.

११ फेब्रुवारी

हिचे कपडे लग्नापासून, एकतीस वर्षं, मागच्या गल्लीतल्या बाई शिवतात.