देवीने पाकळी सोडली नाही

गौरेश,

उंडे पाव टोपलीत आहेत, आळसांद्याचं तोणाक गरम करून घे. रात्रपाळी करून दमला असशील, पण झोपायच्या आधी हे वाच.

काल मी देवळात देवीला प्रसाद लावायला, कौल घ्यायला गेले होते. हसू नकोस! चिपवाल्या कंपनीचे शेअर घ्यावेत की सॉफ्टवेअरवालीचे, काही केल्या ठरेना. दोन्ही तळाला गेलेत, पण त्यांतली एक उसळणार बघ, मला नक्की वाटतंय! भटजींनी मूर्तीला उजवी पाकळी चिपच्या नावाने लावली, डावी सॉफ्टवेअरच्या; जी आधी पडेल तो देवीचा कौल. मग म्हणाले, "बाये, घोवाला विचारून आलीस मगो?"

मी बिनधास्त 'हो' म्हणून मान हलवली. झालं! पाकळ्या जागच्या हलेनात. भटजी वाट बघून कंटाळले. म्हणाले, "आधी घरी विचार, मग ये."

मागच्या वेळी तुला न विचारता शेअर घेतले आणि पैसे बुडाले, तेव्हापासून आपलं सगळं बोलणं या फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवरच चाललंय. हे देवीला कुणी सांगितलं कोण जाणे.

म्हणून आता विचारते. चिप की सॉफ्टवेअर?

उत्तर इथे खाली लिहून ठेवू नकोस. संध्याकाळी मी शाळेतून येईपर्यंत जागा हो, आणि तोंडाने सांग.

सुविधा