सायकलीला कुंकू कोणी लावायचे

खामगाव, श्रावण वद्य ८, शके १८५७

तीर्थरूप अक्काच्या सेवेसी भगवानाचे कृ. सा. न. वि. वि.

मुगाच्या शेंगा पोचल्या. आम्ही दोघे खुशाल आहोत, माझे गुडघे सोडून.

दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की इथल्या बाजाराच्या रस्त्यावर पायी माणसालाही वाट मिळत नाही, हे तू पाहिलेच आहेस. म्हणून मी म्युनिसिपल कमिटीत ठराव मांडला की कारकून-मास्तरांनी दमणी-टांगे सोडून सायकलीने कामावर जावे आणि सायकलीवरचा कर कमिटीने माफ करावा. लगेच एका मेंबराने विचारले, वकीलसाहेब स्वतः कशाने येतात? सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मेहबूब मिस्त्रींच्या दुकानातून सायकल आणली.

पहाटे, हंगामापर्यंत बंद असलेल्या, सरकी काढायच्या जिनाच्या पटांगणात शिकतो. धोतराचा सोगा साखळीत जातो आणि मी मातीत. तुझी भावजय रुखमा मागून सीट धरायला येते. परवा मी हौदावर गुडघा धुवायला गेलो. परत येऊन पाहतो तो ती सायकलवर! लुगड्याचा काष्टा घट्ट, मान सरळ. फेरी घालून माझ्यापुढे उतरली आणि म्हणाली की ब्रेक जरा सैल आहे. मी पडत होतो तेव्हा ही नुसती बघून शिकत होती.

तिची मुलींची शाळा आता बाजारापलीकडे गेली. गाड्यांच्या दिवसांत उशीर केलात तर दुसरी बाई नेमू, असे शाळेच्या मंडळाने बजावले आहे. सायकलीने जाऊ का, म्हणून तिने विचारले. विचार करतो म्हणालो. लोक नावे ठेवतील, एखादा बैल बुजेल. रोजनिशीत कारण म्हणून 'काळजी' लिहिले आणि खोडले. कारण काल वळणावर ती डगमगली तेव्हा, एकदा तरी पडू दे, असे माझ्या मनात येऊन गेले. अक्का, याला काळजी म्हणतात का?

उत्तराची वाट पाहणारा तुझा धाकटा,
भगवान

पिंपळगाव राजा, श्रावण वद्य १३

चि. भगवानास तानुबाईचे अ. उ. आ.

तुह्यं पत्र तुह्या भाऊजीले वाचून दाखवलं. ते म्हणे, वकील पडला का ठराव पडला? मी म्हटलं, अजून दोघंबी पडूनच राह्यले.

भगवान, तुले आठवते का, मी चिंचेवर चढली का तू खालून रडे, अक्का पडीन म्हणून. बाबा मले खाली उतरवत. अन मंग तू चढे. तवा बी तू काळजीच म्हणे.

इथंबी बाया नावं ठेवतीन, मले माहीत आहे. पण तुह्या ठरावात मास्तर आहे, मास्तरीण काऊन नाही? तिची नोकरी गेली तर कमिटी दुसरी देईन का? तिले हो म्हण, नाहीतर नाही म्हण. इचार करतो म्हणणारा माणूस वकील असते, नवरा नाही.

आणखी एक. खंडेनवमीले आपल्या घरी हत्यारं कशी पुजत, ते इसरू नको. वखर बाबाचा होता, पण बाबा त्याले कधी कुंकू लावत नव्हते. वावरात तो वखर हाकणारा सालदार रामरावच लावे. ज्याच्या हातानं हत्यार चालते, त्यानंच पुजावं.

गुडघ्याले हळद लाव. माह्या मायेत कमी पडायचं नाही, रागातबी.
अक्का

खामगाव, भाद्रपद शुद्ध १२

ती. अक्कांच्या सेवेसी रुखमाचे शि. सा. न.

आपण विचारले म्हणून लिहिते. इकडून अजून होकार नाही, नकारही नाही. मी विचारणे सोडले आहे. पटांगणात मात्र जाते. इकडची स्वारी जवळ आली की पाय टेकवते आणि सायकल हाती देते. मी चालवत असले की चेहरा उतरतो, तो मला पाहवत नाही.

पण अक्का, शाळा सोडणे मला जमणार नाही. पहिलीतल्या सलीमाला आता कुठे जोडाक्षरे येऊ लागली आहेत. चोरून मात्र मी सायकल नेणार नाही. भर बाजारातून जायचे, तर घरातून मोकळ्या मनाने निघता आले पाहिजे. दसऱ्यापर्यंत वाट पाहीन. मग पायी निघेन, आणि पुढचे मंडळ ठरवील.

आपला आशीर्वाद पाठीशी आहेच, असे धरून चालते.
रुखमा

खामगाव, आश्विन वद्य १०

तीर्थरूप अक्काच्या सेवेसी कृ. सा. न. वि. वि.

खंडेनवमीला पाटावर विळी, अडकित्ता, माझी दौत-लेखणी मांडली. सायकल धुऊन शेजारी उभी केली. रुखमा पायी जायच्या वहाणांना टाके घालून आणायच्या गोष्टी करत होती. मी लेखणीला कुंकू लावले आणि बोट आपोआप हँडलकडे गेले. तिथेच थांबलो. या हँडलने माझे एकदाही ऐकले नव्हते. तबक तिच्यापुढे केले. तिने विचारले की आजच्यापुरते का? मी म्हणालो, नाही, शाळेपर्यंत. तिने कुंकू लावले, मग डोळ्यांना पदर लावला. मी लेखणीकडे पाहत बसलो.

दसऱ्याच्या सुटीनंतर शाळा उघडली त्या दिवशी मी कोर्टात पायीच निघालो. दोन्हीकडे कापसाच्या गाड्या, मध्ये मी अडकलेलो. मागून घंटी आली. एक गाडीवान ओरडला, अबे, बैल घे बाजूले, बाई येऊन राह्यली! दुसरा म्हणाला, बाईमाणूस अन सायकलवर, हद झाली बे! पण बैल त्यानेही घेतले. मलाही बाजूला व्हावे लागले. ती गेली. एवढ्या वर्षांत त्या बाजारात माझ्यासाठी कोणी बैल हलवला नाही, अक्का.

आता शाळेतल्या कौशल्याबाई तिच्याकडे शिकायला येतात. माझा ठराव मंजूर झाला, मास्तरणींसह. पण मेंबर माझे नव्हे, तिचे नाव घेतात. त्या रात्री रोजनिशीत 'हेवा' लिहिले. ते खोडलेले नाही.

जिनाचे पटांगण कापसाने भरले, म्हणून आता सुटीच्या दिवशी कोर्टामागे शिकतो. सीट धरशील का, असे मीच तिला विचारले. परवा बरेच अंतर सरळ गेलो. सोडू नकोस, सोडू नकोस, असे बजावत होतो. उत्तर येईना म्हणून मागे पाहिले, तर ती पार लिंबाखाली उभी होती. अर्थातच पडलो. ती हसत धावत आली, आणि मला राग आला नाही. जरासाच आला.

तुझा लोभ असू दे, आणि तो धरलेला आहे की सोडलेला, ते मागे न पाहता समजू दे.
भगवान