तीन टिंबांची जागा

९ मार्च, सोमवार

चि. खारूताईस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे. डॉक्टर जिने चढू नका म्हणतात आणि स्वतः दुसऱ्या मजल्यावर दवाखाना थाटून बसलेत. खालच्या बाईंनी नवीन कुत्रं आणलंय, ते येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सोडून फक्त माझ्यावर भुंकतं. तुझ्या आईचा खोकला कमी झाला असं फोनवर कळलं. तुझे बाबा कसे आहेत ते तूच कळव.

तुझं पुस्तक मिळालं. मिळालं म्हणजे महिन्यापूर्वीच मिळालं, आणि तीनदा वाचून झालं. एकतीस वर्षं प्रेसमध्ये प्रूफं तपासलेल्या बाईला पुस्तक पाठवलंस, म्हणजे लाल पेन आलंच. एकूण अकरा चुका सापडल्या, यादी सोबत जोडली आहे. पान एकोणनव्वदवर 'पाणी'चं 'पाणि' झालंय, त्याला मात्र माफी नाही.

माझ्यावरची गोष्ट चांगली जमली आहे. तोंडदेखलं म्हणत नाही. तू वाचकाला कसं धरून ठेवतेस ते मला ओळीओळीला दिसत होतं, आणि दिसत असूनही मी पुढे वाचत गेले. बाईचं म्हातारपण सगळं वर्तमानकाळात घातलंस. 'बाई कप धुते. बाई खिडकीशी येते.' वाचणाऱ्याला वाटतं, आपण तिच्या स्वयंपाकघरातच उभे आहोत. बाईला नाव दिलं नाहीस, म्हणून ज्याला त्याला आपापली आत्या नाहीतर मावशी आठवते. शेवटाकडे वाक्यं आखूड केलीस, तसा माझाही श्वास आखूड झाला. आणि ते दोन कप! रोज संध्याकाळी बाई दोन कप चहा करते आणि एक मोरीत ओतून देते. आमच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाई त्या कपापाशी रडल्या म्हणे. अगं, दोन कप करते हे खरं आहे. दोन्ही मीच पिते.

असो. थोडं तिखटमीठ लागतंच, माझी काही तक्रार नाही.

एकच दुरुस्ती सुचवायची आहे. दुसरी आवृत्ती निघते आहे आणि प्रकाशक महिनाअखेर मजकूर मागतोय असं तुझ्या आईने सांगितलं. पान चौदा, शेवटची ओळ. 'भावाने पोस्टमनच्या हातून पत्र घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि...' इथे तीन टिंबं, खाली कोरी जागा, आणि पुढच्या पानावर बाई एकदम म्हातारी. ती टिंबं काढ. आमचे मालक म्हणायचे, टिंबं फार झाली की पानाला कांजिण्या आल्यासारख्या दिसतात.

बाकी विशेष काही नाही.

१५ मार्च, रविवार

वरचं पत्र पाकिटात घालून आठवडाभर टेबलावर ठेवलं, टाकलं नाही. कांजिण्यांचं सोडून दे, ती थाप आहे. अख्ख्या पुस्तकात तू टिंबं एकदाच वापरली आहेस, आणि अगदी नेमक्या जागी. फोन करणार होते, पण फोनवर मी गप्प बसले की तू तुला हवं ते ऐकतेस. म्हणून लिहिते.

तुझं पुस्तक आल्यापासून दादा माझ्याकडे आलेला नाही. दर गुरुवारी चार वाजता यायचा, आम्ही दोघं मिळून शब्दकोडं सोडवायचो आणि भांडायचो. पाच गुरुवार झाले. फोन केला की म्हणतो, 'पाय दुखतोय गं.' मग परवा ग्रंथपालबाई भेटल्या. म्हणाल्या, 'तुमचे भाऊ आले होते पुस्तक बदलायला. मी तर बोललेच नाही त्यांच्याशी. बहिणीचं पत्र फाडणारा माणूस!' मी म्हटलं, 'फाडलं असं कुठे लिहिलंय?' तर म्हणे, 'लिहायला कशाला हवं? कळतंच की!'

बघ काय ताकद आहे. त्या पत्राबद्दल तू एक अक्षर खोटं लिहिलं नाहीस. टिंबं ठेवलीस आणि बाजूला झालीस, पत्र वाचकांनी फाडलं. काहींनी जाळलं. त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी शंका तरी घेतली असती. आपण स्वतःच भरलेल्या जागेवर कोण शंका घेतं?

ही युक्ती तुला मीच शिकवली. तू शाळेच्या अंकासाठी भुताची गोष्ट लिहिली होतीस, त्यात भुताला शिंगं, दात, सगळं होतं. मी म्हटलं, भूत दाखवू नकोस, दार अर्धवट उघडं ठेव आणि थांब. तू इतकी खूश झालीस की आठवडाभर घरातली सगळी दारं अर्धवट उघडी ठेवलीस.

आता खरं काय ते. मी युक्ती नुसती शिकवली नाही, तुझ्यावर वापरलीही. तू कॉलेजात होतीस, सुट्टीत माझ्याकडे आली होतीस, आपण मटार सोलत बसलो होतो. तू विचारलंस, 'आत्या, त्या मशीनमनने तुला लग्नाचं पत्र पाठवलं होतं ना? मग काय झालं?' मी म्हटलं, 'पत्र तुझ्या बाबांच्या हातात पडलं.' आणि गप्प बसले. मटार सोलत राहिले. तुझे डोळे भरून आले. तू काय समजलीस ते मला त्याच क्षणी कळलं. पुढचं एक वाक्य बोलायचं होतं, ते मी बोलले नाही. खारू, तुझे भरलेले डोळे मला आवडले. माझ्यासाठी कुणीतरी रडतंय, हे फार बरं वाटलं.

झालं होतं ते असं. आमच्या प्रेसमध्ये छपाईचं यंत्र चालवणारा तो मशीनमन मोठ्या शहरातल्या छापखान्यात नोकरीला गेला आणि तिथून त्याने मला लिहिलं. दादाने पत्र घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि सायकल काढून भर उन्हात प्रेसवर आला. पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, 'जायचं असेल तर खुशाल जा. आईला मी समजावतो.' मी पत्र उघडलं. माणूस चांगला होता. त्याने लिहिलं होतं, इथे आलीस की तुला काम करायची काही गरज नाही. प्रेमानेच लिहिलं होतं बिचाऱ्याने. माझ्यासमोर एका शब्दकोशाची प्रूफं पडली होती. 'क' संपत आला होता. मला 'ख' वाचायचा होता.

त्याच संध्याकाळी मी त्याला नको म्हणून कळवलं. वाईट वाटलं का? वाटलं, दोनेक महिने. मग 'ग' आला.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. शब्दकोशापायी लग्न नाकारलं म्हटल्यावर लोक हसले असते. जिला अडवलं तिची लोक कीव करतात, मान देतात. जी स्वतःहून नको म्हणते तिला विचारतात, का गं बाई, खोट कुणात होती? म्हणून कुणी विषय काढला की मी उसासा टाकून गप्प बसायची. त्या गप्प बसण्याचं ओझं दादावर पडतंय हे मला कळत होतं. आता लाज वाटते, आणि ती सांगून कमी होत नाही.

काल त्याच्याकडे गेले. खुर्चीशेजारी तुझं पुस्तक होतं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. मी म्हटलं, 'दादा, असं नव्हतं हे लेकीला सांगितलं का नाहीस?'

त्याने चष्मा काढला आणि पुसता पुसता म्हणाला, 'सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, मग आत्या खोटं का बोलली? काय उत्तर देऊ? तिचा केवढा जीव आहे तुझ्यावर.'

'मग माझ्याकडे का येत नाहीस?'

'तुझ्यासमोर बसलो असतो तर बोलून गेलो असतो.'

मग चष्मा लावून, रोजचं काहीतरी सांगावं तसं म्हणाला, 'कॉलेजला गेल्यापासून खारू माझ्याशी तुटक का बोलते ते मला कधी कळलं नव्हतं. पुस्तक वाचल्यावर कळलं.'

बारा वर्षं होतात त्याला. मी मोजली. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि या वेळी ती युक्ती नव्हती.

तर पान चौदा. टिंबांच्या जागी हे घाल: 'आणि सायकल काढून तो ते तिला नेऊन दिलं. तिने वाचलं आणि ती नको म्हणाली.' छे, बघ, 'त्याने ते तिला नेऊन दिलं' असं हवं. एकतीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली आणि स्वतःचं एक खरं वाक्य लिहिताना हात अडखळला. असं केलंस तर गोष्ट पडेल, मला ठाऊक आहे. कुणी हळहळणार नाही. पुस्तक तुझं आहे, बदलायचं की नाही ते तू ठरव, मी अडून बसणार नाही.

पण बाबांना फोन मात्र आजच कर. तो नेहमीसारखा दोन शब्द बोलून 'थांब, आईला देतो' म्हणेल. देऊ देऊ नकोस.

कुणीही न अडवलेली,
तुझी आत्या