दादाचा मका आणि दाबाच्या रेषा

गुरुवार, संध्याकाळ

आज हवामान केंद्रात दाबाचा नकाशा काढताना हात थांबला. उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र आपल्याकडं सरकलंय, आणि समान दाबाच्या रेषा कन्नड तालुक्यावर अगदी दाटल्यात. रेषा जवळ आल्या की वारा जोराचा. हवा दमटही आहे. ती वर चढून थंड झाली की पाऊस ठरलेलाच.

तिथंच, देवगाव रंगारीला, दादाचा मका अंगणात वाळत पडलेला असणार. पण मी जातीबाहेर लग्न केल्यापासून दादा बोलत नाही. गेल्या वर्षी हे वारले, तेव्हाही आला नाही. मग मीच का फोन करू? घरी आले, चहा ठेवला, तो उतू गेला. डोळ्यांपुढं त्याच दाटलेल्या रेषा. अंदाज चुकला तर? तर हसेल. हसू दे.

लावला.

"दादा, मका झाकून घे. पहाटेपर्यंत लई पाऊस येतोय."

"कोण म्हणतं?"

"नकाशा मीच काढलाय."

"सकाळी गोळा केला तर?"

"नाय. आत्ताच."

"बरं."

एवढंच. पण फोन बंद करायचं तो विसरला. वहिनीला मारलेली हाक ऐकू आली, "ऊठ गं, मका गोळा करू. आपली सुमी म्हणती, पाऊस येतोय."

आपली सुमी!

मीही फोन बंद केला नाही. तिकडं फावडं अंगणातल्या फरशीवर घासत राहिलं, अन् मी इथं एकटीच ऐकत बसले.